आधी खिडकी

“आधी खिडकी उघडायची, मग बोलायचं,” बाबा सांगायचे. “असला दगड कुणी उकळताना दिसला, तर बाकी सगळं मागाहून. मग ते घर कुणाचंही असो.”

असला दगड आत्ता ताईच्या हातात होता. मुठीएवढा, ओला, वर तपकिरी बटणं शिवल्यासारखी पोवळी. ती गुडघ्यांवर बसून काचांच्या चुऱ्यातून एकेक जिवंत तुकडा वेचत होती आणि शेजारच्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत सोडत होती. गालिचा चिखलासारखा पचपचत होता. बाबांनी आयुष्यात एकदाच असा दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकला होता. पोवळ्यांच्या नुसत्या विषारी वाफेने चार दिवस दवाखान्यात काढले, आणि छातीतली शिट्टी शेवटपर्यंत गेली नाही. घरी आल्यावर त्यांनी दोघी मुलींचे हात कोपरापर्यंत टाकीच्या पाण्यात बुडवून खिडकीचा हा शब्द घेतला होता. ताई तेव्हा बारा वर्षांची होती, धाकटी आठची.

धाकटीच्या घरातली ही टाकीही बाबांच्याच हातची, तिच्या लग्नात दिलेली. आता बाबांचा धंदा ताई चालवत होती. दवाखान्यांत, कचेऱ्यांत मासे-पोवळ्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या. धाकटीने दुपारी फोनवर एवढंच सांगितलं होतं की टाकी फुटली. पण टाकी अशी फुटत नाही. जोड सुटला तर पाणी कोपऱ्यातून झिरपतं, काच तडकली तर रेघ जाते. इथे पुढच्या काचेचा मधोमध चक्काचूर झाला होता, आणि हातोडा सोफ्यावर पाहुण्यासारखा पडला होता. धाकटी भिंतीशी बसली होती. हाताला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेल लाल. हनुवटीवरचा डाग मात्र आजचा नव्हता.

“आल्या का टाकीच्या डॉक्टरीणबाई,” धाकटीचा नवरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. “पेशंट गेला तुमचा.”

मग त्याने शांतपणे, समजुतीच्या सुरात सगळं सांगितलं. पंपाची घरघर रात्रंदिवस. बायको उठल्यापासून पाण्यापुढे बसलेली, हाक मारली तरी ऐकू जात नाही. तीनदा सांगितलं होतं, चौथ्यांदा सांगायची त्याची पद्धत नव्हती. त्याच्या पायाशी एक नारिंगी मासा अजून तोंड उघडमीट करत होता. विडीचं थोटूक विझवावं तशी त्याने त्यावर टाच ठेवली आणि बोलत राहिला.

ताईने आवाज न चढवता सांगितलं की हाताला टाके लागतील, दोन दिवस हिला घेऊन जाते.

तो नाही म्हणाला नाही. त्याने धाकटीच्या वेणीचा मनगटाला एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि तिचं कपाळ टाकीच्या लोखंडी स्टँडवर आपटलं. रिकामं पातेलं पडावं तसा आवाज झाला. दुसऱ्यांदा आपटायच्या आत ताई मध्ये गेली. त्याचं कोपर तिच्या बरगडीत बसलं आणि ती काचांवर पडली. तळव्यात एक तुकडा रुतला. धाकटीच्या तोंडून ब्रही निघाला नाही.  ओरडायचं विसरायला किती दिवस लागले असतील?

“टाकी इथंच लागेल,” तो म्हणाला. त्याला धापसुद्धा लागली नव्हती. “नवी काच घाला, पाणी भरा, दिवे लावा. चारचौघांत बरं दिसतं. पण आत जिवंत काही नको. दगड उकळून घ्या.”

“उकळू नका,” ताई कशीबशी म्हणाली. “त्यातल्या एखाद्याची वाफ—”

“ताई.” धाकटी भिंतीला धरून उठली. भुवईतून रक्त उतरत होतं, ते तिने पदराने टिपलं. “तो पांढरा दगड आहे ना, मेलेला. तोच उकळते आधी. त्याला काय होतंय?”

ते खरं होतं. पांढरा दगड टाकीत कित्येक वर्षं नुसता शोभेला होता, आता तोही बादलीत आला होता; त्यावर जिवंत काही उरलंच नव्हतं. ताईला श्वास घेताना बरगडीत सुरी फिरत होती, तिने वाद घातला नाही. धाकटी बादलीवर वाकली, दगड पदराआड घेतला आणि आत गेली. पातेलं नळाखाली भरल्याचा आवाज आला, काडी पेटली, झाकण पडलं. मग खिडकीची कडी लागली. वाऱ्याने गॅस विझत असेल, असं ताईच्या मनात येऊन गेलं.

तो बायकोमागून आत गेला. बायकांचा भरवसा नाही, अर्धवट गरम करून पुन्हा पाण्यात सोडतील, म्हणाला. शेगडीशी खुर्ची ओढून बसला आणि काचा खाली टाकून यायला दोघींना फर्मावलं.

“झाकण ठेवलंय,” धाकटी त्याला म्हणाली. “दहा मिनिटांनी काढा. मग वाकून बघा, साफ झालाय का ते.”

लग्न झाल्यापासून तिला त्याच्याशी इतकं लांबलचक बोलताना ताईने ऐकलं नव्हतं.

काचांची बादली ताईने घेतली, हातोडाही त्यातच टाकला. दुसरी, जिवंत तुकड्यांची, वर ओला कागद झाकलेली, धाकटीने उचलली. ती कशाला घेतेस म्हणून कुणी विचारलं नाही. दोन जिने उतरल्यावर धाकटीच्या हातावरचा टॉवेल ठिबकू लागला, म्हणून ताईने तिची बादली खाली ठेवायला लावली. पोवळी मिटली आहेत का ते पाहायला वरचा ओला कागद उचलला.

कागदाखाली पांढरा दगड होता.

ताईने पाण्यात हात घालून एकेक दगड चाचपला, पुन्हा पहिल्यापासून चाचपला. तपकिरी बटणांचा दगड त्यांत नव्हता.

“भांड्यात कोणता आहे?”

धाकटी जिन्याच्या जाळीतून समोरच्या बस थांब्याकडे बघत होती. “बस येईल आता. तू काचा टाकायला उतरलीस, ताई. तुला काही माहीत नाही.”

“बाबांना शब्द दिलाय आपण.”

“बाबांनी माझी वेणी त्याच्या मनगटाला बघितली नव्हती.”

ताईने कागद पुन्हा बादलीवर पसरला. ती उभी राहिली. थांब्यावर तीन माणसं होती. लांब वळणावर बसचा लाल टप दिसू लागला आणि क्षणभर तिचाही पाय खालच्या पायरीवर गेला. ते तिने नंतर कधी नाकारलं नाही. तळव्यातली काच ठणकत होती. तिने ती दातांनी उपसली आणि बाजूला थुंकली.

मग कमरेची दुकानाची किल्ली काढून धाकटीच्या मुठीत दाबली.

“आधी दवाखाना. टाके घालून घे, आणि कसं लागलं विचारलं तर पडले म्हणू नकोस. मग दुकानात जा, आतून कडी लाव, या पोवळ्यांना पाण्यात सोड, पंप चालू कर. तू या घरात परत यायचं नाहीस. हा शब्द मी तुला देते.”

“तो मारेल तुला.”

“मारेल.”

“मग कशाला, ताई?”

ताईने ओढणी नाकातोंडावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारली. तोंड झाकल्यावर बोलायचा प्रश्नच मिटला. स्वयंपाकघराची खिडकी बाहेरच्या सामाईक गॅलरीत होती, आणि कडी होती आतून. तिने वाकून काचांच्या बादलीतून हातोडा काढला.

खाली बसचा ब्रेक करकरला. धाकटी बादली उचलून उतरू लागली, एकदा थांबली, पुन्हा उतरू लागली. झाकण काढायची दहा मिनिटं अजून भरली नव्हती. बरगडीवर एक हात दाबून ताई जिना चढू लागली.