उजव्या पायाची टाच

नियाझमो माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी पाय. घरात शिरताना बूट दाराशी निघायचे आणि मोजे उघडे पडायचे, म्हणून गावातल्या बायका तिच्याकडे आल्या की पाय झग्याखाली ओढून बसायच्या. तरी तिची नजर चुकायची नाही. "हे काय गं, मोजा विणलायस की बटाट्याचं पोतं?" असं तोंडावर विचारायची आणि वर चहा पुढे करायची. बर्फाळ डोंगरांतल्या गुंत नदीच्या त्या खोऱ्यात तिच्या तोडीचे मोजे कुणी विणत नव्हतं, हे खरंच. पण ते दुसऱ्या कुणी म्हणायला तिनं कधी जागाच ठेवली नाही.

खोरोग शहराच्या बाजारात मिळणाऱ्या यंत्रावरच्या मोज्यांना ती मोजे म्हणत नसे. 'पिशव्या' म्हणायची. आणि गंमत बघा, या बाईचा नवरा कुर्बानशो जन्मभर घरात त्या पिशव्याच घालत आला. हिचे मोजे पेटीत. लग्नाकार्याला काढायचे, पाहुण्यांना दाखवायचे. एकदा त्यानं भीत भीत मागितले, तर म्हणाली, "गोठ्यातल्या शेणात माझी वीण तुडवणार? अहो, आरशात बघा जरा!" तरुणपणी डोंगरावरून घरंगळलेल्या दगडानं त्या बिचाऱ्याचा उजवा पाय ठेचला होता. तो लंगडत गोठ्यात निघून गेला. भांडायचं त्यानं फार पूर्वीच सोडलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी सावसन. लहान असताना तिनं कुणाला न सांगता आपली पहिली जोडी विणली आणि नाचत घरी आणली. चार बायका बसल्या होत्या. नियाझमोनं मोजे हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले.

"डावा एक वेळ चालेल. पण या उजव्याला काय लकवा मारलाय? टाच बघा कुठे चाललीय! अगं, हा मोजा घालून माणूस नदीकडे निघाला तर डोंगरावर पोचेल!"

बायका पोट धरून हसल्या. मग काय, हिला चेव आला. तिनं जोडी उचलली आणि सरळ चुलीत घातली. "पुन्हा सुईला हात लावलास तर याद राख. नियाझमोच्या पोटी हे निपजलं म्हणतील लोक."

पोरीला काहीतरी सांगायचं होतं, पण त्या हसण्यात कोण ऐकतंय? त्यानंतर घरात तिनं सुई धरली नाही. ती शिकली, गावच्या दवाखान्यात नर्स झाली, आणि आईसमोर विणकामाचं नावही काढेनाशी झाली.

अशा मुलीला मागणी आली. मुलगा शोनवरूझ, रस्त्यावरचा बर्फ काढणारं यंत्र चालवायचा. सावसनच्या मनात तोच होता, बापाला तिनं तसं सांगितलंही होतं. "बाबा, तिथे नाही जमलं तर मला दुसरीकडे द्यायचं बोलू नका."

आता खोऱ्यातली रीत अशी की मुलाकडचे आले की मुलीनं विणलेली जोडी मुलाच्या आईपुढे ठेवायची. तिनं ती मांडीवर घेतली तर सोयरीक झाली. सतरंजीवरच राहू दिली तर चहा प्यायचा, उठायचं, आणि त्या घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही. दुसरी संधी नाही.

नियाझमोनं हिवाळाभर स्वतःच विणायला घेतलं. सावसन म्हणाली, "आई, माझे मी विणते की."

"तू? माकडाच्या हातात कोलीत!"

"पण मग ते खोटं होईल."

"खरं बोलून कुणाचं लग्न जमलंय, बाई?"

"विणू दे की पोरीला," कुर्बानशो कोपऱ्यातून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा! मोज्यातलं तुम्हाला काय कळतं?"

बोटांपासून सुरुवात करून ती पोटरीपर्यंत चढली, लाल-काळी नक्षी अशी की नजर ठरेना. टाच तिकडे शेवटी. तिच्या जागी फट सोडायची आणि मग कुणाच्या तरी पायात मोजा चढवून, त्या मापानं भरायची. नियाझमोला मात्र कुणाच्या पायाची गरज नव्हती. ती नजरेनंच भरायची.

ठरल्या दिवशी मुलाकडचे आले. शोनवरूझ, त्याची आई तोतीबेगीम आणि दोन म्हातारे नातेवाईक. बूट दाराशी निघाले आणि नियाझमोची नजर मुलाच्या पायांवर पडली. करड्या लोकरीचे मोजे, नक्षी तोंडी लावण्यापुरती, आणि उजव्याची टाच बाहेर कलंडलेली. तिच्या जिभेला खाज सुटली. पण आज पोरीचा दिवस, म्हणून तिनं ती दाताखाली धरली.

सावसननं शीरचहा, म्हणजे दुधाचा खारा चहा, ओतला, वर लोणी घातलं. नियाझमोनं आपली जोडी तोतीबेगीमपुढे ठेवली. "आमच्या सावसननं विणलेत हो. गुणाची आहे, पण बोलणार नाही."

तोतीबेगीमनं मोजे उचलले, आतून-बाहेरून पाहिले. "हात चांगला आहे," म्हणाली, आणि मोजे परत सतरंजीवर ठेवले.

असे मोजे आणि सतरंजीवर? नियाझमोचा तोल सुटला.

"का हो ताई? पसंत नाहीत? तुमच्या मुलाच्या पायातल्या त्या वाकड्या पिलावळीपेक्षा तर बरे आहेत! कुण्या आंधळीनं विणलेत ते?"

"आई!" सावसन म्हणाली.

"तू थांब गं. ताई, तुमची वीण मी ओळखते. ती बेताचीच असते, पण इतकी गचाळ नाही. बहीण याला नाही. मग बिनलग्नाच्या पोराच्या पायात हे मोजे आले कुठून? दुसऱ्या पोरीचे मोजे घालून माझ्या दारात यायला लाज नाही वाटत?"

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. शोनवरूझचे कान लाल झाले. त्यानं पाय मात्र लपवले नाहीत.

सावसननं किटली खाली ठेवली. "ते माझे आहेत, आई. दवाखान्यात बसून विणलेत. आणि हे सतरंजीवरचे आईचे आहेत, काकी."

तोतीबेगीमनं पेला बाजूला सारला.

"आम्हाला ठाऊक आहे. तुमचा हात ओळखायला अख्खं खोरं बसलंय, नियाझमोताई. आमचे मोजे आम्हाला थंडीतच मिळाले. खिंडीत यंत्र बंद पडून पोरगा रात्रभर अडकला, तेव्हा हेच पायात होते. बोटं शाबूत घेऊन आला. आज आम्ही एवढंच विचारायला आलो की हे विणणारी मुलगी तुमचीच ना? तसं म्हणा, की झालं. 'अशी गचाळ वीण आमच्या घरात नाही' म्हणालात, तर आम्ही उठतो."

सावसन आईकडे बघत होती. विनवणी नाही, राग नाही, नुसती बघत होती. नियाझमोनं मुलाच्या उजव्या पायाकडे पाहिलं. ती कलंडलेली टाच. शी! हे आपलं म्हणायचं? चारचौघांत?

"माझ्या मुलीचे आहेत," ती शेवटी म्हणाली. आणि राहवेना म्हणून, "टाच वाकडी आहे."

"दिसतंय. आम्हालाही डोळे आहेत," तोतीबेगीम म्हणाली. तिनं मुलाला मोजे काढायला लावले आणि ते वाकडे, वापरलेले मोजे स्वतःच्या मांडीवर घेतले.

सोयरीक झाली. पोरगा अनवाणी पाय बुटात घालून हसत गेला, सावसन त्यांना पुलापर्यंत पोचवायला गेली. नियाझमोची जोडी जिथल्या तिथे पडून होती.

"घ्या, घाला तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा. "नाहीतरी आता कोण विचारतंय!"

कुर्बानशो म्हणाला, "नको. मला आहेत." तो गोठ्यात गेला आणि करड्या मोज्यांची जोडी घेऊन आला. तळवे झिजलेले, उजव्याची टाच बाहेर कलंडलेली.

"अगं बाई! हे कधीपासून?"

"तू पहिले चुलीत घातलेस तेव्हापासून. एक जोडी विरली की पोरगी दुसरी विणते. गोठ्यात घालतो, गोठ्यातच ठेवतो. पोरीनंच धुतलेत आजवर."

तो खाली बसला आणि त्यानं मोजा उजव्या पायात चढवला. दगडानं ठेचलेला तो पाय बाहेरच्या अंगाला सांधला होता. टाच तिच्या जागी अशी बसली की सुरकुती नाही. नियाझमो बघतच राहिली.

"पोरीला मापाला पाय कुणाचा मिळणार?" कुर्बानशो म्हणाला. "माझाच. तिचा हात त्यावरच बसला, म्हणून त्या पोराचा मोजाही तसाच झाला. ती पहिली जोडी माझ्यासाठी होती, नियाझमो. तेच सांगायचं होतं तिला."

"मला कसं दिसलं नाही?"

"तू लोकांच्या पायांकडे बघतेस गं."

नियाझमोनं आपल्या जोडीतला उजवा मोजा ओढला, सुईच्या टोकानं टाचेचा धागा शोधला आणि ती सबंध टाच उसवून काढली.

"करा पाय पुढे."

"आता कशाला?"

"करा म्हणते ना! आणि धुतलाय का तो?"

कुर्बानशोनं लगेच पाय पुढे केला नाही. आधी त्यानं आपला चहा संपवला.