झिजलेली चकती

"साचा फोड आधी," डुफीचा मामा भर दरबारात म्हणाला. "चकती पोकळ निघाली ना, तर परत भट्टीकडे फिरकायचं नाही. बाईच्या हातचं सोनं राजाच्या दारात, काय एकेक थेरं!"

"आणि भरीव निघाली तर, मामा?"

"तर भट्टी तुझी."

रीतीप्रमाणे मामाचा वारसा भाच्याकडे जायचा, पण बहिणीला मुलगा नसल्यामुळे सोनारकी भाचीकडे जाणार, हे मामाला बारा वर्षं पचत नव्हतं. पण आता त्याने शब्द दिला होता, तोही दरबारी मंडळींसमोर, तेव्हा डुफीने मनातल्या मनात म्हटलं, बघतेच आता. राजाचा आत्मा शुद्ध राखणारा सेवक छातीवर मिरवतो ती सोन्याची चकती बासष्ट वर्षांपूर्वी पुरात वाहून गेली होती; त्यानंतर पहिल्यांदाच गादी रिकामी झाली होती आणि चकतीशिवाय नव्या राजाला गादीवर बसवायला म्हातारे तयार नव्हते. डुफीने मेणात बारा पाकळ्या कोरल्या होत्या, चाकूच्या पात्यासारख्या धारदार. त्यावर मातीचा लेप चढवून तापवलं, मेण वितळून गेलं, तिथे सोनं ओतलं, आणि तो मातीचा गोळा अजून कोमट असतानाच ती घेऊन आली होती.

तिने हातोडी मारली.

भरीव! कुठे छिद्र नाही, भेग नाही. ढोल कडाडले, बाया ओरडत पुढे आल्या, कुणीतरी डुफीच्या खांद्यावर भारी वस्त्र टाकलं आणि मामा, काय करतो बिचारा, चिमटा आणि फुंकणी तिच्या पायाशी ठेवून बाजूला झाला. अडतीस वर्षांत डुफीला इतकं उंच कधी वाटलं नव्हतं.

चकती पुसताना तिचा अंगठा मात्र अडखळला. पाकळ्या बोथट होत्या. कडा गुळगुळीत झाल्या होत्या, मागची बाजू कुणाच्या तरी छातीवर वर्षानुवर्षं घासून झिजावी तशी झिजलेली होती. तिने साच्याचे तुकडे उचलून पाहिले; मातीत पाकळ्यांचे ठसे धारदारच होते. पण ढोल वाजत होते, लोक तिचं नाव घेत होते, आणि डुफीला खरंच फार आनंद झाला होता.

राजमाता अम्पोमांनी चकती हातात घेतली, उलटी केली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हीच ती," त्या म्हणाल्या. मग अननसाच्या तंतूंची पांढरी दोरी ओवता ओवता, फक्त डुफीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मागच्या वेळचीही दोरी मीच वळली होती. बारा वर्षांची होते. आखूड पडली, पुरात गाठ सुटली."

डुफी तेव्हा जन्मलीही नव्हती; तरी ती हसली, आणि काही विचार करायच्या आत बोलून गेली, "तरी मी सांगत होते तुला, पोरी, वीतभर जास्त वळ."

राजमातांनी मान खाली घातली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.