कोपऱ्यावरचा अंगठा

चांगला खेळाडू बहुतेक वेळ खेळतच नाही, हे भाऊजींना पटवायला मला सगळा उन्हाळा लागला.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांचं फ्रेमांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक. मागच्या खोलीत करवत, गोंद, आणि खिडकीशी ताईचं टेबल, जिथे ती चित्रांभोवतीचे पुठ्ठे कापते. मीही तिथेच काम करतो. लाकडाचा वीतभर तुकडासुद्धा ‘कुठेतरी लागेल’ म्हणून जपून ठेवणाऱ्या माणसाला हाती आलेले पत्ते टाकून द्यायला शिकवणं सोपं नव्हतं.

पण ते शिकले, आणि पोकरमध्ये संयमच अर्धा डाव जिंकून देतो हे त्यांना उमगलं. सर्वांत शेवटी बोली लावणाऱ्याला सर्वांत जास्त कळलेलं असतं, हे ओळखून ते शेवटची पाळी असेल तेव्हाच जोर लावू लागले. थाप मारायची तर ती पहिल्या बोलीपासून सुसंगत हवी, एखाद्या नीट रचलेल्या गोष्टीसारखी. तेही त्यांना साधलं. हरल्यावर निकाल बघायचा नाही, निर्णय बघायचा, हे तर ते मलाच ऐकवू लागले. त्यांचा चेहरा इतका कोरा झाला की एकदा जेवताना ताई म्हणाली, “अहो, मीठ जास्त झालंय की कमी, एवढं तरी कळू द्या. घरात कुणाशी डाव मांडलाय?”

मी हसलो. भाऊजी हसले नाहीत.

एकच खूण उरली होती. फ्रेमचा कोपरा जुळवला की ते डोळे मिटतात आणि सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवतात. नख अडकलं तर सांधा पुन्हा कापायचा. अडकलं नाही तर काम पुरं. पत्ते मनासारखे आले की तोच अंगठा नकळत पत्त्यांच्या कोपऱ्यावर फिरे. मी ते लक्षात आणून दिलं. ते बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले, जणू घरातलंच कुणी फितूर निघालं होतं.

“म्हणजे काचवाल्या शेठलाही हे ठाऊक असणार,” ते म्हणाले. “दर आठवड्याला काच घेऊन येतो. इतकी वर्षं बघतोय मला.”

“म्हणून सांगतोय. थांबवा ते.”

“थांबवू कशाला? जपून ठेवू. कुठेतरी लागेल.”

दर रविवारी दुपारी शेठच्या काचेच्या गोदामात डाव बसे. भिंतींना टेकवलेल्या काचा माणसापेक्षा उंच होत्या. रस्त्यावरून ट्रक गेला की त्या थरथरत आणि एक बारीक, लांबट सूर खोलीभर रेंगाळत राही. ताई मला मुद्दाम बरोबर पाठवायची. तिला पत्त्यांतलं काही कळत नसे, पण शेठचं मन कळे. आमची मागची खोली त्याला काच कापायच्या यंत्रासाठी हवी होती. त्याने दोनदा विचारलं होतं, तिने दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं.

त्या रविवारी सुरुवातीलाच भाऊजी एक मोठा डाव हरले. खेळले अचूक होते. शेवटचं पान शेठच्या बाजूने उलटलं, इतकंच.

“निर्णय बरोबर होता,” ते मला म्हणाले. आवाज शांत होता. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

मी हळूच म्हटलं, “भाऊजी, उठू या.”

“अरे, मी शांत आहे.”

खरोखर शांत असलेला माणूस तसं सांगत नाही, हेही मीच त्यांना शिकवलं होतं.

पुढचा डाव कंपाउंडरने वाटला. तो निवृत्त झाल्यापासून पत्तेच वाटायचा आणि प्रत्येक पान गोळीसारखं देतो म्हणून स्वतःवरच विनोद करायचा. माझे पत्ते कुचकामी होते, मी लगेच टाकले. टेबलावर एकेक करून पाच पानं उघडली: बदामाचा राजा, बदामाची सत्ती, किलवरचा गुलाम, इस्पिकची तिर्री आणि शेवटी बदामाची नव्वी. हातात दोन बदाम असतील तर पाच बदाम जुळून जवळजवळ अजिंक्य डाव होत होता, आणि भाऊजी पहिल्यापासून तसेच बोली वाढवत आले होते. गोष्ट नीट रचलेली होती. त्यांनी पैशांऐवजी लावायच्या उरलेल्या सगळ्या चकत्या पुढे सारल्या.

“एवढ्याशा ढिगाला कोण घाबरतो?” शेठ खुर्चीत मागे रेलला. “फुकट बघून घेईन मी तुझी पानं.”

“मग काय लावू?”

“ते तू ठरव. माझ्याकडून वर्षभराची काच. फुकट.”

भाऊजींनी खिशातून मागच्या खोलीची किल्ली काढली आणि चकत्यांवर ठेवली.

“भाऊजी!”

“पत्ते टाकलेल्याला तोंड नसतं,” शेठ म्हणाला. “नियम आहे ना, कंपाउंडर?”

“आहे,” कंपाउंडर म्हणाला. या वेळी त्याने विनोद केला नाही.

मग भाऊजींनी अंगठा उचलला आणि पत्त्यांच्या कोपऱ्यावरून सावकाश, अगदी दुकानात फिरवत तसा फिरवला. त्यांचे डोळे मात्र उघडे होते.

हातात काही नव्हतं त्यांच्या. खिडकीशी असलेलं ताईचं टेबल, तिच्या बोटांवरचे सुरीचे जुने व्रण, पुठ्ठ्यांचा कोरडा वास, हे सगळं एका फिरवलेल्या अंगठ्यावर तोलून धरलं होतं. शेठला डोळ्यांचं ठाऊक नव्हतं. तो दुकानात यायचा तो काच टेकवून जाण्यापुरता. त्याने अंगठा पाहिला होता, पापण्या नाही. थाप पचणार होती. मी खाली फरशीकडे बघू लागलो आणि श्वास रोखून धरला.

बाहेरून ट्रक गेला. काचा वाजल्या. सूर विरला तरी शेठ बोलेना, म्हणून मी मान वर केली.

तो भाऊजींकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. किती वेळ, कोण जाणे. भाऊजींचा चेहरा मी महिनोन्‌महिने घासूनपुसून कोरा केला होता. माझ्या चेहऱ्याचा विचार आम्हा दोघांच्याही मनात कधी आला नव्हता.

“पोरगा घामाघूम झालाय,” शेठ जवळजवळ मायेने म्हणाला आणि आपली पानं उलटली. राजा आणि गुलाम. “दोन जोड्या. दाखव.”

भाऊजींच्या हातात इस्पिकची राणी होती आणि किलवरची अठ्ठी.

घरी परतताना ते भरभर चालत होते. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी विचारलं, “खेळलो तर बरोबरच ना?”

डाव रचण्यात कुठेही चूक नव्हती. तो का फसला हे सांगायला मी तोंड उघडलं; शब्द आला तो “हो.”

“मग झालं तर. निकाल बघायचा नसतो.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता, स्थिर होता. “पुढची खोली अजून आपलीच आहे. पुढच्या रविवारी बघू.”

ताईने दार उघडलं. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. मग तिची नजर माझ्याकडे वळली आणि तिथेच थांबली.

“काय ठेवून आलात?” तिने विचारलं.