जोड्यांची तोंडं

लाकडं वाहणाऱ्या गाडीवरून उतरताना हाजेरनं एक हात उजव्या कुशीवर दाबून धरला होता. तिथं, बरगडीच्या खाली, दगडासारखं काहीतरी घट्ट झालं होतं. गावच्या सुईणीनं ते चाचपून पाहिलं, आणि नंतर हात धुताना ती एकदाही वर बघेना. हाजेर काय ते समजली. घाटात बर्फ साचायच्या आत कोन्या शहराला पोचायचं, दुर्सूनला गाठायचं आणि त्याच्या समोर उभं राहून एक वाक्य बोलायचं, एवढंच आता तिच्या हातात उरलं होतं.

वाक्य साधंच होतं. ‘माझं दूध तुला हलाल.’ म्हणजे पाजल्याचं ऋण माफ, तू मोकळा.

याच्या उलटं वाक्य ती दोन वर्षांपूर्वी बोलून बसली होती. नवऱ्याच्या चाळिसाव्याचं जेवण उरकलं, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभं. दर्वेश, मठातला फकीर व्हायला जातो म्हणे. शेत, शेळ्या, आई, सगळं टाकून हा गोल गोल फिरायला निघाला! तिच्या तोंडून निघून गेलं, ‘जा. पण माझं दूध तुला हलाल नाही.’ त्या मुलखात आईनं असं म्हटलं की पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नमाज काय, रोजे काय, दर्वेश होणं काय. आणि आई डोळे मिटून गेली, तर मागं ती गाठ सोडवणारं कुणी नसतं.

मठाच्या दारात तिथले वडीलधारे दर्वेश, नियाझी देदे, भेटले. मठाचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं, आणि नवशिक्या पोरांना वळण लावायचं काम त्या स्वयंपाकघरातच चालायचं.

“दुर्सूनची आई?” म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “या, या, माय. पोरगं सोन्यासारखं आहे हो तुमचं. फक्त मसूर करपवतं.”

“घरीही करपवायचा.”

“हां! म्हणजे ते खापर आमच्या डोक्यावर नाही.” ते हसले. मग छातीवर हात ठेवून जरा वाकले. “तुमचे उपकार आहेत, माय. आईची संमती नसेल तर आम्ही कुणालाच ठेवून घेत नाही. पहिल्याच दिवशी विचारतो. हा म्हणाला, आईनं कपाळाचा मुका घेऊन पाठवलं.”

हाजेरनं मान खाली घातली. अंगणातल्या फरशीत एक चीर होती, ती तिनं शेवटपर्यंत पाहिली.

“हो ना?” देदेंनी सहजच विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

“आज तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर फिरणार. आता आत जाऊन बसलाय, हाक मारता यायची नाही. तुम्ही वर बायकांच्या सज्जात बसा. संपलं की तो याच दारानं बाहेर येईल, मग बोला हवं तेवढं.”

“एकच वाक्य आहे.”

“आईचं एक वाक्य म्हणजे संध्याकाळ होते,” म्हणत देदे आत गेले.

दाराशी जोडे ओळीनं लावलेले होते, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. दुर्सूनचे तिनं लगेच ओळखले. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली. लहानपणापासून तो तसाच पाय टाकायचा. आणि हे जोडे मुळात त्याच्या बापाचे. ती खाली बसली. गावाकडं जिवाचा पाहुणा आला की घरची बाई त्याचे जोडे फिरवून ठेवते, तोंडं बाहेर करून, म्हणजे निघताना त्याला वाकायला नको, नुसते पाय सरकवले की झालं. या पोराचे जोडे तिनं जन्मभर असेच लावले होते. तो घर सोडून निघाला त्या सकाळी मात्र लावले नव्हते.

तिनं ओढणीच्या टोकानं दोन्ही जोडे पुसले आणि फिरवून ठेवले. त्या सगळ्या ओळीत तेवढाच एक जोड बाहेर पाहत राहिला. निघताना त्याला दिसेल, ती मनाशी म्हणाली. मी तोंड उघडायच्या आधीच त्याला कळेल.

सज्जात लाकडी जाळीला नाक लावून बायका बसल्या होत्या. शहरातल्या लोकरीचे नमदे बनवणाऱ्याची बायको गुलिझार हिनं सरकून जागा दिली.

“लांबून आलात, मावशी?”

“सरोवराच्या पलीकडून.”

“अगो बाई! आणि या थंडीत? नवस का?”

“मुलगा आहे खाली.”

“मग बोट दाखवू नका, आणि कौतुकानं फार बघूही नका, दृष्ट लागते. माझ्या दिराच्या पोराला लागली, फिरता फिरता दिवाणजींच्या मांडीवर जाऊन बसलं.” मागच्या दोघी ओढणीआड फिस्सकन हसल्या.

खाली बासरी सुरू झाली. दर्वेश काळे झगे पांघरून बसलेले. एकदम सगळ्यांनी तळहात जमिनीवर आपटले आणि ते उठले. एकामागून एक चालत त्यांनी दालनाला फेरे घातले, मग झगे खांद्यांवरून उतरले आणि खाली सगळं पांढरं झालं. हाजेरनं जाळीला डोळा लावला. उंच टोप्या सारख्या, सदरे सारखे, घेर सारखे. आपलं पोर कोणतं, हेच तिला कळेना.

ते फिरू लागले. डावा पाय जमिनीला धरून, उजव्यानं रेटा देत. घेर हवेनं भरून वर उचलले गेले. उजवा तळहात वर, डावा खाली. वरून बघणाऱ्याला उजवे तळहात तेवढे नीट दिसत होते. तिनं एकेक हात पाहायला सुरुवात केली. चौथ्या हाताची करंगळी सरळ होत नव्हती.

ती करंगळी लहानपणी पिठाच्या गिरणीत अडकली होती. सांधा तिनंच बसवला होता, वाकडा बसवला होता.

दुर्सून फिरत होता. मान किंचित कलती, डोळे अर्धे मिटलेले. घरी तो असा कधीच दिसला नव्हता. शेळ्यांमागं पळणारं, चिडणारं, करपवणारं पोर कुठं गेलं आणि हे कोण आलं? तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या मनात एकच होतं: याच्या पायाखाली माझा शाप आहे, आणि तरी हा फिरतोय. आता पडेल. आता पडेल. तिनं जाळी इतकी घट्ट धरली की बोटांवर नक्षी उठली.

तो पडला नाही. बासरी थांबली, घेर खाली आले, कुणीतरी कुराण म्हणू लागलं. हाजेर उठली.

गुलिझारनं तिची बाही धरली. “बसा, मावशी! दुआ संपायचीय. आणि बायका शेवटी उतरतात.”

“मला खाली जायचंय.”

“पळून जातोय का तो? नवशिकी पोरं आधी बाहेर पडतात, जेवण वाढायला. तो तिथंच सापडेल, पळी हातात घेऊन.”

जिना अरुंद होता आणि पुढं म्हाताऱ्या बायका. एकीला पायरी सापडेना, दुसरीला काठी सापडेना. हाजेर खाली आली तेव्हा जोड्यांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. त्या जागेच्या वर, दगडी कट्ट्यावर, पांढरा घेर आणि काळा झगा नीट घडी करून ठेवलेला, आणि त्यावर टोपी.

नियाझी देदे तिथंच उभे होते. पळी त्यांच्याच हातात होती.

“दुर्सून कुठाय?”

देदेंनी आधी तिच्याकडं, मग मागं आलेल्या पोरांकडं पाहिलं. “त्याचे जोडे कुणी फिरवले?” आवाज चढलेला नव्हता, पण पोरं जागच्या जागी गोठली. “मी सांगितलं नव्हतं. मठाच्या मोठ्या बाबांनी सांगितलं नव्हतं. कुणी फिरवले?”

“मी,” हाजेर म्हणाली. “त्याला वाकायला नको म्हणून.”

देदेंच्या हातातली पळी खाली आली.

“माय,” ते म्हणाले, “आमच्यात कुणाला काढून टाकायचं असलं तर आम्ही बोलत नाही. त्याचे जोडे दाराकडं तोंड करून ठेवतो. ते पाहिले की त्यानं निघायचं. का म्हणून विचारायचं नाही, निरोप घ्यायचा नाही.”

“पण तो का निघाला? त्यानं काय केलं होतं?”

“तेच मला कळत नाही. ज्याच्या मनात काही नाही तो निदान थांबतो, माझ्या तोंडाकडं बघतो. हा तर वाटच बघत असल्यासारखा गेला.”

हाजेरला कळलं. दोन वर्षं तो रोज सकाळी दाराशी येऊन आधी आपले जोडे पाहत असणार. खोटं आज उघड होईल, उद्या होईल.

“मी त्याला मुका घेऊन पाठवलं नव्हतं,” ती म्हणाली. “शाप देऊन पाठवलं होतं. तो परत घ्यायला आले होते.”

 देदेंनी पळी कट्ट्यावर ठेवली.

“बोलवा त्याला!” ती म्हणाली.

“जोडे फिरल्यावर गेला त्याला हाक मारायची आमच्यात रीत नाही.”

“मी तुमच्यातली नाही,” म्हणत हाजेर धावली.

कुशीत सुरी फिरल्यासारखं होत होतं. रस्ता बाजाराकडं उतरत होता, शुक्रवारची गर्दी, खेचरं, गाड्या. “दुर्सून!” ती ओरडली. “दुर्सून!”

एक गाडीवाला लगाम खेचून थांबला. मग दुसरा. पाठीवर पोतं घेतलेला हमाल थांबला. त्यांच्या भाषेत या नावाचा अर्थच ‘थांबू दे’. पाठोपाठ मुलं गेली की पुढच्याला हे नाव देतात. हाजेरची आधीची तिन्ही गेली होती.

“थांबलो, माय! काय पडलं गाडीतून?” गाडीवाला मागं बघू लागला.

“माझा मुलगा! अंगात झगा नाही, डोकं उघडं...”

“उघड्या डोक्याचा? तो स्टेशनाकडं गेला. थंडीनं मरशील म्हटलं, तर वळूनही पाहिलं नाही. चढा, माय, चढा.”

मागून नियाझी देदेही चढले. ते अनवाणीच होते. रीत त्यांनी मोडली होती.

स्टेशनात आगगाडीनं शिट्टी दिली होती. फलाटावर बायका रडत होत्या. येमेनच्या लढाईला निघालेल्या नव्या शिपायांनी डबे भरले होते, आणि मध्येमध्ये इतर उतारू. प्रत्येक खिडकीत चारपाच डोकी. देदे एका टोकाकडं धावले, हाजेर दुसऱ्या. करंगळी शोधायला इथं हात कुणी वर धरलेला नव्हता. डबे हलले.

तिला आता थांबून बघण्याइतका वेळ नव्हता. “माझं दूध तुला हलाल!” ती पहिल्या खिडकीत ओरडली. “हलाल केलं रे, हलाल!”

खिडकीतलं कुणाचंतरी पोरगं बाहेर वाकलं. ओठांवर नुकती मिसरूड. “देव तुझं भलं करो, माय!” तो ओरडला. त्याला निरोप द्यायला कुणी आलेलं दिसत नव्हतं. मागच्या खिडकीतून आवाज आला, “मलाही म्हण, माय! माझी आई आली नाही!”

“हलाल!” ती त्याला म्हणाली. पुढच्याला म्हणाली. गाडीनं वेग धरला तशी तीही धावली, तोंड पाहायचंही सोडून दिलं, नुसत्या सरकणाऱ्या खिडक्यांना सांगत राहिली. कुणी हसलं, कुणी हात हलवला, कुणी रडलं. त्या आवाजांत तिच्या पोराचा आवाज नव्हता. दुर्सून यातल्या एका डब्यात बाकाखाली मान घालून बसला होता, की तो स्टेशनाबाहेरूनच पुढं माळावर चालत गेला होता, हे सांगणारं कुणी नव्हतं.

शेवटचे दोन डबे मालाचे होते. दारांना बाहेरून कड्या होत्या. हाजेरनं त्यांनाही सांगितलं.