बोलका कॉम्प्युटर गप्प झाला तेव्हा

नवऱ्याची दृष्टी गेल्यापासून घरात दोनच आवाज असत, तिच्या शिलाई मशीनचा आणि त्याच्या कॉम्प्युटरचा. पडद्यावरचा मजकूर कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि त्याच्या जिवावर नवरा पूर्वीसारखीच भाषांतरं करायचा. कुणाची मदत म्हणून घ्यायचा नाही. तिनं त्याचा कप विसळायला उचलला, तरी "डोळे गेलेत, हात आहेत," असं ऐकवायचा.

एका सकाळी सॉफ्टवेअरचं अपडेट झालं आणि कॉम्प्युटर बोलेनासा झाला. नवऱ्यानं बटणं दाबून पाहिली, बंद-चालू केलं, दुपारपर्यंत हेका सोडला नाही. तिचा जीव तुटत होता. पण आपणहून गेलं तर बिनसणार, म्हणून ती बाही शिवत बसली.

शेवटी तो पडेल आवाजात म्हणाला, "अगं, येतेस जरा? काय दिसतंय ते वाच."

ती शेजारी टेकली. "काळ्या पडद्यावर चार ओळी आहेत. मेमरी तपासायच्या ओळीवर पांढरी पट्टी आहे."

"घ्या! म्हणजे काय सुरू करू, असं विचारत थांबलाय तो. आणि मी एंटर दाबला की मेमरी तपासत बसतो. या सुरुवातीच्या मेनूला वाचा नाही गं, बोलणारा प्रोग्राम नंतर जागा होतो. माझी नेहमीची सिस्टीम कुठे आहे?"

"सगळ्यात वर."

"वरचा बाण दाब. पट्टी तिथं गेली की एंटर."

थोड्या वेळानं कॉम्प्युटर बोलला. नवऱ्याचे खांदे सैल पडले. मग त्यानं स्वतःच सेटिंगची फाइल उघडून पहिली ओळ निवडली जाऊन थोडं थांबून आपोआप सुरू होईल असं केलं आणि पुन्हा सुरू केलं.

"परत मेमरीच," ती हळूच म्हणाली.

"असं कसं? फाइल तर बदलली!"

"अहो, बदललेलं त्याच्या कानावर घातलंत का?"

तो थबकला, मग खो खो हसला. "मेनू नव्यानं तयार करायची आज्ञाच द्यायची राहिली!"

तिनं पुन्हा बाण दाबून सिस्टीम सुरू करून दिली, त्यानं ती आज्ञा दिली आणि कॉम्प्युटर बंद-चालू केला. या वेळी पट्टी वरच्या ओळीवर आली, आणि थोडं थांबून कॉम्प्युटर आपला आपण बोलू लागला.

"आता हे थांबणंही काढून टाका की," ती उठत म्हणाली.

त्यानं चाचपडत तिचा हात धरला. "राहू दे. पुन्हा कधी अडलं, तर तुला वाचायला वेळ नको?"

बाही तशीच राहिली. ती पुन्हा खाली बसली.