सासूबाईंचा कान

"अहो आई, आज एक जरी कणीस करपलं ना, तर शेगडी उचलून थेट घरी. कबूल?"

"कबूल. आणि नाही करपलं, तर मरेपर्यंत मी इथेच बसणार," सासूबाई म्हणाल्या आणि निखाऱ्यांवर वारा घालायला लागल्या.

असं बोलायला मला आवडत नव्हतं, पण गेल्या आठवड्यात तीन कणसांचा कोळसा झाला होता आणि गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हसली होती. बेचाळीस वर्षं चर्चसमोरच्या कोपऱ्यावर बसलेल्या माझ्या सासूबाईंना, गाव आदरानं 'दोन्या' म्हणतं त्या एर्लिंदांना, कुणी हसावं, हे माझ्याच्यानं बघवलं नाही. त्यापेक्षा त्यांनी मानानं उठावं.

आमच्या तोतोलापान गावात बाकीचे लोक कणीस सोलून भाजतात. डोळ्यांना दिसतं, त्यामुळे कुणालाही जमतं. सासूबाई मात्र अख्खं कणीस पानांसकट निखाऱ्यांवर ठेवतात आणि मान वाकवून ऐकत बसतात. आतला पहिला दाणा तडकला, की त्याच क्षणी उचलायचं. सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, म्हातारी थापा मारतेय. म्हणून एकदा त्यांच्या आधी एक कणीस उचलून पाहिलं, एक मुद्दाम जास्त वेळ ठेवून पाहिलं. दोन्ही फुकट गेली. वीस वर्षं मीही कान लावून बघितले, पण मला तो आवाज एकदाही आला नाही. मला त्यांचं वाटणारं नवल कधी ओसरलंच नाही.

उद्यावर सान मिगेल या संताचा सण होता. सैतान शिरू नये म्हणून दारादारांवर पिवळ्या फुलांचे क्रूस लागले होते आणि नवं कणीस खायला सगळं गाव चौकात उतरलं होतं. पहिली दहा-बारा कणसं झकास निघाली. मग बँड सुरू झाला.

सासूबाईंची मान खाली गेली, आणखी खाली गेली. कान निखाऱ्यांपासून वीतभरावर आला.

"आई, केस जळतील!"

"गप गं. ऐकू दे."

ट्रम्पेट वाजवणाऱ्या फिदेन्सियोनं हे पाहिलं. दुधाचे दात होते तेव्हापासून तो सासूबाईंच्या हातचं खातोय. त्यानं चालू गाण्यात ट्रम्पेट खाली घेतलं आणि ओरडला, "ए, थांबा रे सगळे! मावशींना कणीस ऐकू येईना!"

ढोल थांबला. बाकीची वाद्यं थांबली. फुगेवाला गप्प झाला, पोरं गप्प झाली. चर्चमध्ये मिसेच्या प्रार्थनेला पाद्री हात वर करतात तेव्हासुद्धा आमच्या गावात एवढी शांतता होत नाही. तीनशे माणसं श्वास रोखून एका म्हातारीकडे बघत होती.

तड.

नखानं कपाला टिचकी मारावी, एवढाच आवाज. पण मला आला! वीस वर्षांनी आला. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. हसून मी सासूबाईंकडे वळले.

त्या तशाच वाकलेल्या होत्या. डोळे मिटून अजून ऐकत होत्या.

फिदेन्सियोनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यालाही आवाज आला होता. पुढे उभ्या असलेल्या सगळ्यांनाच आला होता, पण कुणी चकार शब्द काढला नाही. मी नुसती उभी राहिले असते, तरी पैज माझी होती.

मी हळूच त्यांच्या दंडाला कोपर लावलं.

त्या दचकल्या नाहीत. हात सरळ गेला, कणीस उचललं गेलं, पानं मागे सरली. दाणे पांढरेशुभ्र, टपोरे, वाफाळलेले. त्यांनी लिंबू चोळलं, मेयोनीज लावलं, चीजमध्ये घोळवलं, वर तिखट टाकलं आणि कणीस फिदेन्सियोच्या हातात दिलं.

"घे. आणि वाजव आता. सणासुदीला कसलं सुतक पाळताय रे?"

चौकभर टाळ्या झाल्या. बँड पुन्हा दणाणायला लागला, आणि काय सांगू, त्या ढोलाच्या दणदणाटातही तो आवाज मला येत राहिला. एकदा कानात बसला तो बसला. दर वेळी मी कोपर लावत होते, त्या उचलत होत्या. दिवेलागणीला टोपली रिकामी झाली. एकही कणीस करपलं नव्हतं.

शेगडीतली राख झाडून झाल्यावर सासूबाई जरा वेळ दंड चोळत बसल्या.

"उद्या डाव्या बाजूला बस, पोरी," त्या म्हणाल्या. "हा दंड दुखायला लागला."