पानजाळीची भिंत

टाका सुटला होता. अकराव्या भोकाच्या कडेचा, राखाडी सुतातला एकच टाका, सुईवरून घसरून खाली लोंबत होता, आणि पोकुआ त्याच्याकडे नुसती बघत होती — उचलायला हवा, आत्ता उचलला नाही तर खालच्या चार ओळी उसवत जातील — पण हात पुढे होत नव्हता. विद्यापीठातल्या विणकामाच्या वर्गात अजून कोणी आलं नव्हतं. समोर तिचं कापड टांगलेलं : मागावर विणलेल्या अरुंद पट्ट्या, राखाडी आणि मळकट पिवळ्या, आणि पट्टीला पट्टी जोडणारी सुयांवरची जाळी. जाळीत पानाच्या आकाराची भोकं, दोन-दोन पानं देठाशी चिकटलेली. आसाफो भागातल्या तिच्या जुन्या घराची सिमेंटची भिंत. सहा वर्षांची होईपर्यंत ती त्या घरात होती. कापडाखाली लावायचं कार्डही तिनं कालच लिहून ठेवलं होतं — 'माझ्या आईची भिंत'.

"सगळं झकास झालंय," काल अम्पोन्सा मॅडम म्हणाल्या होत्या, "पण बाजूला त्या भिंतीचा एक फोटो लाव. परीक्षक बाहेरून येतायत. शहरातली इमारत बघून विणलंय, हे त्यांना दिसायला नको का?"

"बघून नाही विणलं, मॅडम. आठवून विणलं."

"मग आता बघून ये. उद्या तीन वाजेपर्यंत वेळ आहे तुला."

वर्गातल्या बाकीच्यांच्या इमारती रस्त्यावरून दिसणाऱ्या होत्या. कुणी नव्या बाजाराचं लाटांसारखं छप्पर घेतलं होतं, कुणी चर्चचा मनोरा. आपण एवढ्या कुमासी शहरातून एक न्हाणीघरामागची भिंत का उचलली, हे पोकुआला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिला सांगताही आलं नसतं... तिनं टाका उचलला, सुईवर चढवला, आणि निघाली.

ट्रोट्रो गाडीत खिडकीशी जागा मिळाली. वाहक दाराबाहेर लटकून "आसाफो, आसाफो" ओरडत होता आणि तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा ती दुपार होती — एकच दुपार, की पुष्कळ दुपारी एकावर एक बसून झालेली? ती जमिनीवर बसलेली आहे, मागे कोणाच्या तरी दोन गुडघ्यांत तिचे खांदे अडकवलेले, डोक्याला चोळलेल्या शिआ बियांच्या लोण्याचा वास, केसांचे भाग पाडणारी बोटं, वेणी घट्ट ओढली की डोळ्यांत पाणी, आणि भिंतीतून येऊन तिच्या उघड्या मांडीवर पसरलेली उन्हाची पानं. पानं मोजायची. आकडे फक्त चारपर्यंत येत होते, म्हणून चारचार पानं पुन्हा पुन्हा मोजायची. मागून कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतं आहे. आई. आईच, दुसरं कोण असणार?

घर सापडलं. हिरवं फाटक तेच, अंगणातला नळ तोच, नळाखालचा फुटका दगडही तोच. आणि अंगणाच्या टोकाला न्हाणीघरामागे भिंत होती, जाळीचीच, सिमेंटचीच, पण भोकं चौकोनी. साधी चौकोनी, एका ठोकळ्यात चार. पोकुआ जवळ गेली, भोकावरून बोट फिरवलं. कडा झिजलेल्या, शेवाळ धरलेलं. ही भिंत कालपरवाची नव्हती.

"कोण गं तिकडे?" स्टुलावर बसून कसावा सोलणारी म्हातारी म्हणाली, आणि मग चष्मा वर करून, "अगं बाई! टोमॅटोवालीची पोर ना तू? कपाळ अगदी बापाचं!"

या आँटी डुफिए. त्यांच्या खोलीला लागूनच पोकुआच्या घरच्यांची खोली होती.

"आँटी, ही भिंत बदलली का कधी?"

"आम्हीच बदललो, भिंत कुठली बदलतेय. मी नवी नवरी म्हणून इथे आले तेव्हापासून अशीच आहे."

"पानांची जाळी होती ना इथे? अशी, दोन-दोन पानं..." तिनं हवेत बोटानं काढून दाखवलं.

आँटींची सुरी कसाव्यात थांबली. "ती इथली नव्हे. ती तिकडच्या, बान्तामा भागातल्या घराची."

"कुठलं बान्तामाचं घर?"

"आईला विचार तुझ्या. मी कशाला त्यात तोंड घालू?" पण तोंड घातल्यावाचून त्यांना राहवेना, हे त्यांच्या खालच्या ओठावरून दिसत होतं. "तीनेक वर्षांची असशील. तुझी आई टोमॅटोच्या ट्रकबरोबर पार सीमेपलीकडे बुर्किनापर्यंत जायची तेव्हा, आठ-आठ दिवस पत्ता नसायचा. बापानं तुला उचललं आणि नेऊन ठेवलं तिकडे, त्याच्या त्या दुसऱ्या बाईकडे. पावसाळा गेला, हार्माटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ उडायला लागली, तेव्हा आणली परत. तिला मूल नव्हतं, बिचारीला. तुला काय नटवायची! आलीस तेव्हा केसांत मणी ओवलेले होते. तुझ्या आईनं सगळे कापून टाकले."

"मणी?"

"केस."

पोकुआनं मोबाइल काढला. चौकोनी भिंतीचा फोटो घेतला, का घेतला कोण जाणे, पुसून टाकला. मग रस्त्यावर येऊन, टायरवाल्याच्या सावलीत उभी राहून आईला फोन लावला. पलीकडून बाजाराचा कल्लोळ आला, खोकी आपटल्याचे आवाज, आणि त्यावर आईचा आवाज, कुणाला तरी सुनावणारा — "हा टोमॅटो आहे की चिंचोका? परत ने!" — आणि मग तिच्याकडे, "बोल. कापड लागलं का भिंतीला?"

"मा, मी लहानपणी बान्तामाला राहिले होते?"

बाजार तसाच गजबजत राहिला. 

"कोण म्हणालं?"

"आँटी डुफिए."

"डुफिएला सकाळचं दुपारी आठवत नाही, आणि वीस वर्षांपूर्वीचं आठवतंय होय? तू कुठेही राहिली नाहीस. माझ्या पाठीवर होतीस तू. ट्रकमध्येसुद्धा पाठीवर होतीस. मी येते तीनला. काहीतरी खाऊन घे."

फोन बंद झाला.

पाठीवर होते... मग ट्रकचा धक्का का आठवत नाही, डिझेलचा वास का आठवत नाही, शिआच्या लोण्याचाच का आठवतो? आणि आई गुणगुणते का? पोकुआनं आठवून पाहिलं. आई ओरडते, आई हसते तेव्हा तीन गाळ्यांपलीकडे ऐकू जातं, आई चर्चमध्ये मोठ्यानं गाते... पण तोंड मिटून? बाबांना विचारावं तर ते वारून नऊ वर्षं झाली. बान्तामाला उतरून जाळी शोधावी, एवढ्या गल्ल्यांत एक भिंत? आणि सापडली, दार वाजवलं आणि त्या बाईनंच उघडलं, तर म्हणायचं काय — मी तुमचे गुडघे विणलेत? सहा महिने रात्रंदिवस खपून विणलं ते कोणासाठी? मी जिला आई म्हणून विणत होते ती... छे, आँटी म्हाताऱ्या झाल्यात. पण मणी कोण कशाला बनवून सांगेल?

बान्तामाची गाडी समोरून गेली. दुसरीही गेली. ती विद्यापीठाच्या गाडीत चढली.

तीन वाजता परीक्षक आले, दोघे, कापडाभोवती फिरले. एकानं जाळी बोटांनी ताणून पाहिली, विणणं आणि सुयांचं काम एकत्र बसवायला किती दिवस लागले ते विचारलं. पोकुआनं उत्तरं दिली. कार्ड तिनं अजून लावलं नव्हतं, ते हातातच होतं, घामानं शाई फुटलेली.

"इमारत कुठली ही?"

"शोधतेय," ती म्हणाली. परीक्षकाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं हसून वहीत काहीतरी लिहिलं. अम्पोन्सा मॅडमनी मागून डोळे वटारले.

ते पुढच्या कापडाकडे गेले तेव्हा आई आली. निळं-पांढरं ठेवणीतलं कापड नेसलेली, डोक्याला तसाच रुमाल, हातात डब्याची पिशवी. बाजारातून घरी जाऊन न्हाऊन आली असणार. मॅडमना तिनं वाकून नमस्कार केला, पिशवी पोकुआकडे दिली, आणि कापडासमोर उभी राहिली.

पोकुआ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग आईनं हात उचलला आणि सर्वांत वरच्या ओळीकडे बोट केलं.

"ही ओळ अशी नव्हती," ती म्हणाली. "ही बुजवलेली होती. पावसाचं पाणी आत यायचं म्हणून सिमेंट भरलेलं होतं."

पोकुआच्या हातात पिशवी जड झाली. आई कापडाच्या कडेनं पलीकडे गेली, जिकडे कोणी जात नव्हतं, जिकडे सुताच्या गाठी होत्या आणि टोकं लोंबत होती. पानांच्या भोकांतून निळं-पांढरं थोडं थोडं दिसलं, थांबलं.

"इकडून असं दिसायचं," आई पलीकडून म्हणाली, हळू आवाजात. तिचा एवढा हळू आवाज पोकुआनं ऐकला नव्हता.

"मा, म्हणजे तू तिथे —"

"मी कुठे म्हटलं मी गेले होते?" आवाज पुन्हा बाजारातला झाला. "पावसाचं म्हटलं मी. काम चांगलं केलंयस. सूप गरम आहे तोवर खाऊन घे."

पण ती बाहेर आली नाही. तिथेच उभी राहिली.

आता पकडता आलं असतं. सकाळपासून पोकुआला हेच हवं होतं, कुणीतरी एकदा धड सांगावं : हो किंवा नाही. आणि आता आई एका सुताच्या अंतरावर उभी होती, खोटं बोलताना सापडलेली, आणि पोकुआला ते हो-नाही नकोसं झालं होतं. ती बोटं कोणाची, हा प्रश्न अजून होता, होता तिथेच होता, पण त्याच्याही मागून दुसरंच काहीतरी वर येत होतं — बान्तामाच्या गल्लीत भर दुपारी भिंतीला चिकटून उभी असलेली एक बाई, ट्रकमधून नुकतीच उतरलेली, अंगावर आठ दिवसांची धूळ. तिला आत काय दिसत असेल? दुसरीच्या गुडघ्यांत बसून उन्हाची पानं मोजणारी मुलगी? आणि मग ती किती वेळ उभी राहत असेल, एकदाच आली असेल की दर खेपेला, आणि हाक का मारली नसेल तिनं, नुसतं नाव जरी... की मारली असेल? मारली असेल, आणि मला ऐकू आली असेल, आणि मी मान वळवली नसेल —